सहाव्या वर्षाची दाढ

गगनबावड्याच्या बाजूला, डोंगराच्या कुशीतली एक वाडी. शाळा चौथीपर्यंत, दोन खोल्या आणि पुढे लांबलचक व्हरांडा. तिथल्या चौथीतल्या एका मुलीचं आरोग्य कार्ड. दुमडून दुमडून घडीवर फाटायला आलेलं, कोपऱ्यावर तेलाचा डाग, दप्तरात डब्याला लागून राहिल्याचा. वजन, उंची, डोळे, त्वचा, कान असे रकाने. ‘दात’ या रकान्यात पहिलीच्या वर्षी बरोबरची खूण आणि पुढे ‘किडलेले’. दुसरीच्या वर्षी तेच. तिसरीच्या वर्षीही तेच, फक्त शाई निळ्याच्या जागी काळी. तीन वर्षं तीन वेगळ्या माणसांनी त्याच तोंडात बघितलं, तेच लिहिलं आणि गाडी पुढच्या वाडीला निघून गेली. त्या अवधीत तिच्या खालच्या डाव्या बाजूच्या दाढेवरच्या ठिपक्याची खळगी झाली आणि खळगीचा खड्डा. आता ती उजव्याच बाजूनं चावते. भाकरीचा तुकडा तोंडात गेला की मान किंचित कलते, आणि ते तिला स्वतःला ठाऊकही नाही.

तपासणी झालीच नाही असं म्हणायची सोय नाही, हेच जास्त सलतं.

त्या दाढेविषयी आधी बोलायला हवं. मुलाला सहावं वर्ष लागलं की दुधाच्या दाढांच्या मागे, चारी कोपऱ्यांत, हिरडीतून एकेक नवी दाढ वर येते. तिला जागा करून द्यायला कुठलाच दात पडत नाही. हलणं नाही, रक्त नाही, कौलावर दात भिरकावायचा सोहळा नाही. पुढचा दात पडला की घरभर कौतुक होतं, आणि ही गुपचूप येऊन बसते. म्हणून घरच्यांच्या लेखी तीही दुधाचीच. ‘पडायचाच हाय की त्यो दात, कशाला हेलपाटा?’ हे वाक्य करवीरपासून चंदगडपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. बोलणारी आई निष्काळजी नसते. पडणाऱ्या दातासाठी दिवसाची मजुरी घालवायची नाही, हा तिचा विचार शहाणपणाचाच आहे. फक्त ही दाढ पडणारी नाही, एवढं तिला कुणी सांगितलेलं नसतं. ओळखणं अगदी सोपं आहे. पुढच्या दोन मधल्या दातांमधल्या रेषेपासून एका बाजूला बोट ठेवत मागे मोजत जायचं. दुधाचे दात एका बाजूला पाचच असतात. बोट सहाव्यावर टेकलं की ती कायमची दाढ. सहाव्या वर्षी येते आणि सहाव्या जागी बसते. अंगणवाडीच्या भिंतीवर आंबा, बदक, घड्याळ रंगवलेलं असतं, तिथं हे एवढं एक चित्र रंगवलं तर किती दाढा वाचतील असं मला सारखं वाटतं.

दुधाच्या दाढांनाही ‘पडणारच’ म्हणून सोडून देता येत नाही. त्या दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. म्हणजे पाचव्या वर्षी किडलेल्या दाढेनं मूल आणखी पाच-सहा वर्षं जेवणार असतं. ती वेळेआधी काढावी लागली, तर मागची सहाव्या वर्षाची दाढ मोकळ्या जागेत पुढे सरकते आणि खाली वाट बघत असलेल्या दाताला यायला वावच उरत नाही. मग तो गालाकडे नाही तर जिभेकडे वाकडा उगवतो.

नवी दाढ किडते का लवकर, याचं कारण तिच्या घडणीत आहे. माथ्यावर खोल चिरा असतात, ब्रशचा केस आत जाणार नाही इतक्या अरुंद. वरचं कवच अजून कोवळं, लाळेतल्या क्षारांनी पुरतं पक्कं झालेलं नसतं. शिवाय हिरडीतून डोकं वर काढल्यापासून समोरच्या दाढेला टेकेपर्यंत तिला वर्ष-दीड वर्षही लागतं. तोवर ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली राहते. मूल ब्रश सरळ मागेपुढे फिरवतं तेव्हा केस शेजारणीच्या माथ्यावरून जातात, हिला लागतच नाहीत. तोंड अर्धवट मिटून, ब्रश गालाच्या कोपऱ्यातून आडवा घालून फक्त त्या एका दाढेवर दहा-बारा वेळा घासावं लागतं. सात-आठ वर्षांपर्यंत हे मुलाला एकट्याला जमत नाही. मोठ्या माणसानं मागं उभं राहून, मुलाचं डोकं आपल्या पोटाला टेकवून घासायला हवं. मागून उभं राहिलं की हात बरोबर वळतो, समोरून वळत नाही.

हा साखरेचा मुलूख. डिसेंबरात गुऱ्हाळावरून वारा आला की उकळत्या रसाचा, मळीचा आणि जळत्या चिपाडाचा वास चार शेतं ओलांडून येतो. पोरं काईलीभोवती जमतात, गरम काकवी बोटानं चाटतात. त्यांना त्यापासून हाकलावं असं कुणालाही वाटणार नाही, मलाही नाही. काकवी वर्षातले काही दिवस असते. खरा घोळ रोजच्या बारीकसारीक गोडाचा आहे. सकाळी सातला चहात बुडवलेला बटर, नऊला शाळेच्या वाटेवर पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा, मधल्या सुट्टीत बरणीतली गोळी, चारला परत चहा. दर वेळी दातांवरच्या थरातले जंतू त्या गोडाचं आम्ल करतात आणि तिथला सामू, म्हणजे आम्लता मोजायचा पीएच, ५.५ च्या खाली गेला की दातातले क्षार विरघळायला लागतात. लाळ ते आम्ल धुऊन पूर्वपदावर आणते, पण तिला अर्धा तास तरी लागतो. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हे दाताला जास्त भोवतं. पाच पेढे जेवणाबरोबर एकदाच खाल्ले तर दाढ एकदा आम्लात बुडते. तेच पाच दिवसभर पुरवून खाल्ले तर पाच वेळा. आणि चहातून काढलेल्या बिस्किटाचा लगदा त्या चिरांमध्ये असा बसतो की बोटानंही निघत नाही.

तान्ह्यांचं वेगळं. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवलं की रात्री लाळ जवळजवळ थांबते आणि दूध दातांवर साचून राहतं. वरचे पुढचे चार दात हिरडीच्या कडेनं आधी खडूसारखे पांढरे होतात, मग तपकिरी, मग तुटके. खालचे पुढचे चार सहसा शाबूत राहतात, कारण त्यांच्यावर जीभ येते आणि त्यांच्या मुळाशी लाळेच्या ग्रंथी उघडतात. पांढरी रेघ दिसली तेव्हाच थांबलं तर परत फिरता येतं. पण त्यासाठी महिन्यातून एकदा बाळाचा वरचा ओठ उचलून बघावं लागतं. बाळाचं वजन बघायला येणाऱ्या ताईनं तेवढं केलं तर दोन मिनिटंही जाणार नाहीत.

मग कार्डावरच्या खुणेचा पुढचा प्रवास होत का नाही? २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या पथकात दोन आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरेचे) डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचं, अशी रचना. शोधायच्या आजारांच्या यादीत दातही आहेत. चांगलंच आहे हे. पण पथक दात बघतं आणि चिठ्ठी देतं. चिठ्ठी घेऊन जायचं कुठं? प्राथमिक आरोग्य केंद्रात दातांची खुर्ची सहसा नसते. ती ग्रामीण रुग्णालयात, नाही तर थेट कोल्हापुरात सीपीआरला, तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात. गगनबावड्याहून कोल्हापूर ५५ किलोमीटरच्या आसपास. चंदगडच्या माणसाला तर कोल्हापूरपेक्षा बेळगावच जवळ पडतं. सकाळची एसटी पकडायची तर दूध घालून, जनावरांचं बघून पहाटे निघायचं. एक मोठं माणूस आणि एक मूल, म्हणजे एक मजुरी आणि एक हजेरी बुडाली. केसपेपरची रांग, मग दातांच्या विभागाची रांग. सूज असेल तर त्या दिवशी गोळ्या मिळतात, ‘सूज उतरली की या.’ गोळ्यांनी दोन दिवसांत ठणका थांबतो. आणि ठणका थांबला की पुन्हा कोण जातं? आतली नस मेली की दुखणंही थांबतं, पण मुळाशी पू तसाच राहतो. तीन आठवड्यांनी हिरडीवर फोड येतो, फुटतो, बसतो, परत येतो. आई म्हणते, ‘बरं वाटतंय आता.’ या मुलांचं दुखणं तीन खेपांचं असतं आणि घराला परवडते एकच खेप. चिठ्ठी तिथंच अडकते.

इथं एक गोष्ट मात्र थांबायला देत नाही. गालाची सूज डोळ्यापर्यंत चढली, किंवा जबड्याखाली उतरून गिळायला, तोंड उघडायला त्रास व्हायला लागला, सोबत ताप असला, तर सकाळच्या गाडीची वाट बघायची नाही. त्याच रात्री १०८ ला फोन करायचा. धुरी, लेप, शेक काही नको. बाहेरून शेकल्यानं ती सूज उलट पसरू शकते.

म्हणून दवाखाना शाळेपर्यंत येणं हाच उपाय मला खरा वाटतो, आणि तो वाटतो तितका अवघड नाही. खुर्ची लागत नाही, वीज लागत नाही, ड्रिल लागत नाही. दोन बाकं जोडायची, वर सतरंजी आणि उशाला घडी केलेलं पोतं. डोकं व्हरांड्याच्या कडेला, उजेडाकडे. तीन-चार वर्षांचं मूल असेल तर आई आणि तपासणारा समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसतात. मुलाचे पाय आईच्या कमरेशी, डोकं तपासणाऱ्याच्या मांडीवर. आईचा चेहरा दिसत असल्यामुळे मूल कमी रडतं, आणि रडलं तरी तोंड उघडंच असतं. खरी अडचण आरशांची. चाळीस मुलं आणि सहा आरसे, मग एकेक आरसा स्पिरिटमध्ये बुडवून पुढच्या तोंडात. ते चालत नाही, स्पिरिटनं सगळे जंतू मरत नाहीत. मुलागणिक एक आरसा हवा. किंवा अवजारं घासूनपुसून प्रेशर कुकरमध्ये जाळीवर ठेवून, वाफ पूर्ण धरल्यावर किमान पंधरा मिनिटं. पोषण आहाराच्या खोलीत गॅस असतोच, फक्त कुकर वेगळा ठेवायचा.

औषध आहे सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड, ३८ टक्क्यांचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते घातलं. भारतातही मिळतं. त्यातली चांदी जंतू मारते आणि फ्लोराइड विरघळलेला भाग परत कठीण करतं. कीड कोरायचीही गरज नाही. ओठांना आणि हिरडीला व्हॅसलीन लावायचं, गालात कापसाची गुंडाळी, खड्ड्यातलं अन्न काढून दात कोरडा करायचा. प्लास्टिकच्या वाटीत एक थेंब घ्यायचा, तो पाचेक दातांना पुरतो. बारीक ब्रशनं खड्ड्यात मिनिटभर चोळत राहायचं आणि जास्तीचं कापसानं टिपून घ्यायचं. चव कडवट, लोखंड चाटल्यासारखी. सहा महिन्यांनी परत लावलं तर कीड थांबलेली टिकते, एकदाच लावून विसरलं तर पुष्कळदा परत सुरू होते. बाटली अंधारात ठेवावी लागते, उजेडानं औषध बिघडतं. आणि सांडलं तर बाकावरचा, कपड्यावरचा डाग जात नाही. कातडीवरचा आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप निघतो. ज्या दाताला रात्री झोपेतून उठवणारा ठणका आहे, फोड आहे, त्याला हे लावून उपयोग नाही. तो दात खुर्चीवरच जायला हवा. चांदीची अ‍ॅलर्जी असेल तर मुळीच नाही.

यातली मोठी अडचण औषधाची नाही, रंगाची आहे. थांबलेली कीड काळीकुट्ट होते आणि तशीच राहते. आदल्या दिवशी आईला सांगितलं नाही, तर संध्याकाळी पोरीचं तोंड बघून तिच्या काळजाचा ठोका चुकतो, आणि पुढच्या खेपेला वाडीतली निम्मी पोरं शाळेत येत नाहीत. मी तिला दोष देणार नाही. मुलीच्या जातीला पुढचा दात काळा, हे त्या घरात लहान दुःख नाही. म्हणून आधी दोन फोटो दाखवावेत, लावण्याआधीचा आणि नंतरचा. काळा म्हणजे कडक झाला, तपकिरी आणि मऊ म्हणजे अजून पोखरतोय, हे नखानं टोकरून समजावावं आणि मग सही घ्यावी. मागच्या दाढांना बहुतेक आया हो म्हणतात. पुढच्या दातांना नको म्हणाल्या तर नकोच.

कायमच्या दाढेत खड्डा असेल आणि नस शाबूत असेल तर हातानं भरता येतो. पद्धत आहे एआरटी, म्हणजे ड्रिलशिवाय, फक्त हातातल्या अवजारांनी दात भरणं, १९८० च्या दशकात टांझानियात घडलेली. चमच्यासारख्या बारीक अवजारानं मऊ भाग खरवडायचा, कडेचा अगदी स्वच्छ करायचा, तळाशी नसेजवळ फार खोल जायचं नाही. मग ग्लास आयोनोमर सिमेंट, भुकटी आणि द्रव कालवून खड्ड्यात भरायचं. भुकटीचा चमचा सपाट करून घ्यायचा, द्रवाची बाटली उभी धरून बुडबुडा नसलेला थेंब पाडायचा, अर्ध्या मिनिटात कालवायचं. मिश्रण चकाकतं आहे तोवरच भरायचं. चकाकी गेली की ते दाताला धरत नाही, टाकून द्यायचं. वरून व्हॅसलीन लावलेलं बोट अर्धं मिनिट दाबून ठेवलं की सिमेंट शेजारच्या चिरांमध्येही उतरतं आणि तिथली कीड आधीच अडते. बिघडतं ते लहानसहान गोष्टींनी. जुलैत गगनबावड्याच्या पावसात भुकटीचं झाकण पाच मिनिटं उघडं राहिलं तरी ती ओल धरते. एप्रिलच्या दुपारी सिमेंट हातातच कडक होतं. लाळ आली की सगळं फुकट, म्हणून कापूस बदलायला दुसरा माणूस लागतोच. भरल्यावर तासभर काही खायचं नाही. खिचडीची घंटा साडेबाराला होत असेल आणि दाढ बाराला भरली, तर मूल भरलेल्या दाढेनं चावणारच. वेळापत्रक बाईंना विचारून ठरवावं. दोन दुधाच्या दाढांच्या मधल्या फटीतला खड्डा मात्र असा भरून फार टिकत नाही. तिथं स्टीलची टोपी बसवणं बरं.

आणि रोजचं काय? टूथपेस्ट. भारतातल्या नियमाप्रमाणे पेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत हजार भाग) जास्त नसतं आणि किती आहे ते ट्यूबवर छापावं लागतं. हजाराच्या जवळचा आकडा असलेलीच घ्यावी. फ्लोराइड अजिबात नसलेल्या पेस्टही दुकानात त्याच फळीवर असतात, वासानं छान, पण किडीपुढे दुबळ्या. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीतली लांब पट्टी नको. घासून झाल्यावर थुंकायचं, पण खळखळून गुळणी करायची नाही. आपल्याकडे गुळणीशिवाय तोंड धुतल्यासारखंच वाटत नाही, म्हणून हे शिकवणं सगळ्यात कठीण. शाळेत जेवणानंतर घासायचं ठरवलं तर हिशेब असा: वाटाण्याएवढी म्हणजे पाव ग्रॅम, चाळीस मुलांना रोज दहा ग्रॅम, शंभर ग्रॅमची ट्यूब दहा दिवस. ब्रश तीन महिन्यांनी बदलायचे. ते एका डब्यात कोंबून ठेवले की ओले राहतात, एकमेकांना लागतात. फळीला भोकं पाडून उभे ठेवावेत, खाली प्रत्येकाचं नाव.

घरात मात्र तवा असतो. तंबाखू भाजल्याचा तो घशात खवखवणारा वास, मग कुटलेली काळी मिश्री. दाढ दुखते म्हणून आजी नातीच्या हिरडीला चिमूटभर लावते, मायेनंच लावते. बधिरपणा येतो, बरं वाटतं. पुढच्या वर्षी दाढ दुखत नसतानाही बोट डबीत जातं. तंबाखूचं दंतमंजन बाजारात विकायला १९९२ मध्ये बंदी आली, ती घरच्या तव्यापर्यंत पोचत नाही. पोरीची दाढ वेळेवर भरली गेली, तर निदान मिश्रीला आत यायला ते दार राहत नाही.

ऊसतोडीला आलेल्यांची पोरं या सगळ्याच्याही बाहेर. दिवाळीच्या सुमारास बीडकडून गाड्या येतात, शिरोळ-हातकणंगल्याच्या फडांकडेला खोपी उभ्या राहतात, मार्चच्या पुढे मोडतात. कार्ड गावाकडच्या शाळेत, मूल इथं. इथं सिल्व्हर लावलं तर सहा महिन्यांनी दुसऱ्यांदा लावायची वेळ येते तेव्हा ते साडेतीनशे किलोमीटर लांब असतं. ‘डिसेंबरात लावलं, जूनमध्ये परत’ एवढं एका जाड कागदावर लिहून, प्लास्टिकमध्ये घालून आईच्या हातात द्यावं लागतं. आधार कार्डाशेजारी ठेवलं तर टिकतं.

त्या चौथीतल्या मुलीच्या कार्डावर ‘दात’ रकान्यापुढे जागा संपते. पुढे काय झालं, ते लिहायला चौकटच नाही. कुठला दात, कोणत्या तारखेला कुठं गेली, काय केलं, परत कधी, या चार गोष्टी लिहायला बोटभर रुंदीचा रकाना पुरला असता. तिच्या त्या दाढेची मुळं याच सुमारास, नवव्या-दहाव्या वर्षी, टोकाशी बंद होतात. नस अजून जिवंत असेल तर या वर्षी भरून वाचेल. जूनमध्ये ती पाचवीला खालच्या मोठ्या गावात जाईल. तिचा शाळा सोडल्याचा दाखला तिकडं जाईल, त्यावर जन्मतारीख असेल, वर्तणूक चांगली असं लिहिलेलं असेल. आरोग्य कार्ड इथल्याच कपाटात राहील. तिकडे नवं कार्ड मिळेल, कोरं. बाराव्या वर्षी, या दाढेच्या मागे, आणखी एक दाढ अशीच गुपचूप वर येईल.